कुमुदसाठी शेकर

सोमवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीच्या भिंतीतून बार बाहेर आला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या बायकोची डावी करंगळी बर्फाची झाली होती.

बार आधी आला. मी चहाचं आधण ठेवलं होतं. टीव्हीमागची भिंत हळूहळू पुढे सरकली, तिनं टीव्हीला अलगद बाजूला ढकललं, आणि तिच्यातून सागवानी काउंटर निघाला. मग काउंटरच्या कडेचा पितळी दांडा, मग मागचा आरसा आणि फळ्या. फळ्यांवर बाटल्या होत्या, उलटे टांगलेले ग्लास होते, लांब दांड्याचा चमचा, गाळणी, लिंबू पिळायचा चिमटा. रंगाचा एक पोपडाही कुठे पडला नाही. चहाला उकळी येईपर्यंत सगळं जागच्या जागी झालं होतं. फक्त पेय घालून हलवायचा शेकर नव्हता. काउंटरच्या मधोमध लाकडात एक गोल खळगा होता, आणि वरचा छोटा दिवा नेमका त्या खळग्यावर उजेड टाकत होता.

कुमुद आंघोळीहून आली. केस पुसता पुसता थांबली.

"आला का शेवटी," ती म्हणाली.

घरात छोटासा बार असावा ही तिची जुनी हौस. आमच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, म्हणून आम्ही त्याबद्दल नुसतं बोलायचो. कुमुदनं सगळा जन्म शहरातल्या तरण तलावावर काढला. मुलींच्या वेळेला ती पोहायला शिकवायची. बाजारात, बँकेत, लग्नात, कुठेही गेलो की कुणीतरी बाई पदर नाहीतर पर्स सावरत पुढे यायची आणि म्हणायची, "मॅडम, ओळखलंत का? मी पाण्याला फार घाबरायची." मी टेलिफोन खात्यात होतो. मला कधी कुणी असं भेटलं नाही, आणि त्याचं मला काही वाटायचंही नाही. आम्हाला मूल झालं नाही. शनिवारी संध्याकाळी कुमुद जिन घ्यायची, त्यात कोकमाचं आगळ आणि चिमूटभर मीठ. शेकर नव्हता म्हणून मी ते मुरांब्याच्या बरणीत घालून हलवायचो. ते कधीच पुरेसं थंड व्हायचं नाही. ती तरी शेवटपर्यंत प्यायची आणि ग्लास माझ्या गालाला लावायची.

जेवताना तिनं हात पुढे केला. करंगळी स्वच्छ होती, आरपार दिसत होती. आत हाड नव्हतं, फक्त एक बारीक हवेचा बुडबुडा होता. टोकाशी जमलेला थेंब ताटाच्या कडेवर पडला.

"दुखतंय?"

"नाही. हलकं वाटतंय."

मी मुरांब्याची बरणी धुऊन त्या खळग्यात ठेवून पाहिली. बसत होती. पण हात काढला की ती सरकत सरकत काउंटरच्या कडेला यायची आणि मला ती झेलावी लागायची. संध्याकाळपर्यंत मी ते बऱ्याचदा करून पाहिलं. कुमुद सोफ्यावर बसून बघत होती.

"त्याला बरणी नकोय, अच्युत," ती म्हणाली.

मंगळवारी बर्फ कोपरापर्यंत आला. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या हातावर टिचकी मारून पाहिली, खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार पाहिलं.

"घरी बार आलाय?"

"कालच," मी म्हणालो.

"आणि शेकर?"

"नाही अजून."

"मग घ्या," डॉक्टर म्हणाले. "घाईत घेऊ नका. पण उशीरही करू नका." आम्ही उठलो तेव्हा त्यांनी खुर्ची पुसायला फडकं दिलं.

बुधवारी कुमुदची थोरली बहीण शालनताई पुण्याहून आल्या. त्यांच्या खांद्याला नेहमीची कापडी पिशवी होती. माझे साडू दिगंबरराव गेली काही वर्षं त्या पिशवीत होते.

शालनताईंनी आधी बार पाहिला, मग कुमुदला. तोवर कुमुदचे दोन्ही हात खांद्यांपर्यंत बर्फाचे झाले होते आणि मी तिला वरण-भात भरवत होतो. ताई तिच्याशेजारी बसल्या. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

"कसला घेणार आहात?" त्यांनी मला विचारलं.

"तुमचा कसलाय?"

त्यांनी पिशवीतून शेकर काढला आणि मांडीवर धरला. तीन भागांचा होता. खाली भांडं, त्यावर गाळणी असलेला खांदा, त्यावर टोपी. स्टील ठिकठिकाणी बोटांनी झिजलं होतं.

"दिसायला हाच सगळ्यात चांगला होता," शालनताई म्हणाल्या. "गळतही नव्हता. मी हलवला, मन लावून हलवला. हे आतून किती छान वाजत होते. मग थांबले तर टोपी निघेना. थंडीनं सगळं आवळून बसलं."

"कुणाकडून उघडून घ्यायचा ना, ताई."

"गरम पाण्यात धरला की उघडतो म्हणतात." त्यांनी शेकरवरून पदर फिरवला. "अच्युतराव, गरम पाण्यात कसं धरू मी त्यांना?"

कुमुदनं मान वाकवली आणि कान शेकरला लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"भावोजी फिरतायत," ती म्हणाली.

"काही म्हणतायत का?"

"नाही गं. नुसते फिरतायत."

शालनताईंनी शेकर पुन्हा पिशवीत ठेवला. खिडकीबाहेर तळमजल्यावरचे सामंत गाडी पुसत होते. त्यांच्याकडे आमच्या आधी बार आला होता. सामंतांनी त्यांच्या आईसाठी अर्धा काचेचा शेकर घेतला होता, आत आई दिसत राहावी म्हणून. हलवताना काच काउंटरला लागली. त्यांच्या घरातली फरशी अजून सुकलेली नाही. ते घरात पायजमा वर दुमडून चालतात, आणि कुणी जोरात पाय आपटला तर ओरडतात.

"मला उघडेल असा आण," कुमुद म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

खरं तर मी बघणार नव्हतो. शालनताईंच्या पिशवीकडे पाहून बाकी कुणाला जे काही वाटत असेल ते असो, मला हेवा वाटला होता. त्या पिशवी घेऊन एसटीत बसायच्या, देवळात जायच्या, जेवताना ती शेजारच्या खुर्चीवर असायची. दिगंबरराव कुठेही गेले नव्हते.

गुरुवारी आम्ही दोघं शेकर आणायला निघालो. कुमुदचे पाय गुडघ्यांपर्यंत बर्फाचे होते, तरी ती चालत होती. फरशीवर काचेचे ग्लास सरकवल्यासारखा आवाज यायचा. मी तिच्या अंगाभोवती घोंगडी गुंडाळली. रिक्षावाल्यानं मागच्या सीटवर जुना टॉवेल अंथरला आणि खड्डे चुकवत गाडी चालवली. वाटेत कुमुद सारखी बाहेर बघत होती. तलावाचा रस्ता आला तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं. घोंगडीतूनही गार लागलं.

भांडी बाजारात स्टीलची पिंपं आणि पराती मांडलेल्या दुकानांच्या रांगेत ते दुकान होतं. दार एका माणसापुरतं. आत शिरलो तर दुकान लांबच लांब पसरलेलं, शेवट दिसत नव्हता. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर शेकर. तांब्याचे, चांदीसारखे, काळे, ठोक्याचे, गुळगुळीत. मालकीणबाई स्वेटर घालून स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचं आडनाव वाडकर होतं. ते त्यांच्या स्वेटरवर विणलेलं होतं.

"किती जणांसाठी?" वाडकरबाईंनी विचारलं.

"दोघांसाठी," मी म्हणालो.

"सगळ्यांसाठी," कुमुद म्हणाली.

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि मधली एक फळी दाखवली.

मी पहिला हातात घेतला तो शालनताईंसारखाच तीन भागांचा होता. कुमुदनं मान हलवली. मी तो परत ठेवला. तशी ती फळी भिंतीत मिटली आणि भिंत तेवढी पुढे आली. दुसरा अर्धा काचेचा. मी त्याला हातही लावला नाही, तरी त्याची फळी मिटली. तिसऱ्याला बाजूला कान होता, केटलीसारखा. चौथा मोराच्या आकाराचा. प्रत्येक वेळी नको म्हटलं की फळी मिटायची आणि दुकान अरुंद व्हायचं. मागं वळून पाहिलं तर दार आता लहान दिसत होतं, आणि दारापाशी आमच्या पावलांचं पाणी.

"जरा लवकर," वाडकरबाई म्हणाल्या. "माझं दुकान फार मोठं नाही."

मग मला तो दिसला. सगळ्यात खालच्या फळीवर, मागे. राखाडी रंगाचा, उंच, कुठेही सांधा नसलेला. मी उचलला. झाकण शोधलं, नव्हतं. तळापासून टोकापर्यंत एकसंध धातू.

"हा उघडतो कुठून?" मी विचारलं.

"उघडत नाही."

"मग आत कसं घालायचं?"

"जाणाऱ्याला आत जाता येतं," वाडकरबाई म्हणाल्या. "हा गळत नाही. फुटत नाही. अडकायचा प्रश्नच नाही. पुष्कळ लोक घेऊन जातात."

तो माझ्या दोन्ही तळव्यांत बसला. मी तो पोटाशी धरला. वजन बरोबर होतं. आत्तापर्यंत दुकानात बारीक किणकिण ऐकू येत होती, सगळ्या शेकरांची, ती थांबली. मला एकदम झोप आल्यासारखं स्वस्थ वाटलं. मी याला कुठं ठेवीन, तेही ठरलं. पलंगाच्या तिच्या बाजूला. हिवाळ्यात त्याच्यावर शाल घालीन.

"अच्युत," कुमुद म्हणाली.

बर्फ तिच्या गळ्याशी आला होता. तिचा आवाज आता लहान झाला होता, पण स्पष्ट होता.

"हा चांगला आहे," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच बघतोय मी."

"पहिल्या दिवशी मुली तलावाच्या कडेला चिकटून बसायच्या," ती म्हणाली. "सोडायच्याच नाहीत. मी काय करायची, माहितीये?"

"ओढायचीस."

"कधीच नाही ओढलं मी कुणाला. समोर पाण्यात उभी राहायची नुसती. त्यांना वाटेल तितका वेळ घेऊ द्यायची."

शेकर माझ्या पोटाशी होता.

"आज तेवढा वेळ नाहीये रे माझ्याकडे," कुमुद म्हणाली. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते रडणं होतं की वितळणं, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"तिथं तू एकटी राहशील असं नाही," मी म्हणालो. "मी रोज बोलेन तुझ्याशी."

"आणि मी?"

एकसंध धातूला तोंड नव्हतं. मी तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, आणि मला दिसत होतं की माझ्या हातांना तो सोडायचा नाहीये. आधी डावा हात सुटला. मग उजवा, एकेक बोट करून. मी तो खालच्या फळीवर ठेवला. फळी मिटली. दोन्ही भिंती एकदम जवळ आल्या, इतक्या की कुमुदचा गार खांदा माझ्या छातीला टेकला आणि वाडकरबाईंना स्टूल सोडून उभं राहावं लागलं. बाकीच्या फळ्याही मिटल्या होत्या, आता त्या भिंतीत एकच फळी उरली होती आणि तिच्यावर एकच शेकर होता.

तो शेकर म्हणण्यासारखाही नव्हता. स्टीलचे दोन पेले, एक मोठा, एक लहान. ना नक्षी, ना टोपी, ना गाळणी.

वाडकरबाईंनी लहान पेला मोठ्यात जरा तिरका घातला आणि वरून तळव्यानं थाप मारली. दोन्ही घट्ट झाले. मग पेले जिथं जुळले होते तिथं बाजूनं तळव्याची मनगटाकडची कड मारली. टक्. दोन्ही सुटले.

"एका थापेनं बसतो, एका थापेनं सुटतो," त्या म्हणाल्या.

"गळतो का?"

"गळतो थोडासा. अंगठ्याशी."

"हाच," कुमुद म्हणाली.

मी घेतला. वळलो तर दार अगदी माझ्या पाठीशीच होतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जिन्यात बायका उभ्या होत्या. प्रत्येक पायरीवर एक, भिंतीला टेकून, आम्हाला जायला वाट ठेवून. कुणी ऑफिसच्या कपड्यांत, कुणी साडीत, कुणी बुरख्यात, एक पोलिसाच्या वर्दीत. सगळ्यांचे केस ओले होते. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकीच्या हातात काहीतरी रिकामं होतं.

शालनताई दारात होत्या. "सकाळपासून येतायत," त्या कुजबुजल्या. "मी कुणालाही बोलावलं नाही हो. बारचे ग्लास संपले. मग मी घरातले दिले. मग फुलपात्रं, मग वाट्या. शेवटच्या दोघींनी स्वतःच्या घरून आणलंय."

कुमुद जिना चढताना प्रत्येकीकडे पाहत होती. मला वाटलं होतं ती कुणाला ओळखणार नाही.

"तबस्सुम, खांदे सैल," ती म्हणाली. वर्दीतल्या बाईनं खांदे सैल सोडले. "रेवती, श्वास रोखू नकोस. सोड." रेवतीनं श्वास सोडला. जिन्याच्या टोकाला पोचेपर्यंत तिनं सगळ्यांची नावं घेतली. एकही चुकलं नाही. मी तिच्या मागून फडक्यानं पायऱ्या पुसत होतो, कुणी घसरू नये म्हणून.

खोलीतही बायका होत्या, भिंतीला लागून, सोफ्याच्या पाठीवर, स्वयंपाकघराच्या दारात. काउंटरसमोर जागा मोकळी होती. मी मोठा पेला खळग्यात ठेवला. तो हलला नाही. वरच्या दिव्याचा उजेड त्यात पडला. मी पेल्यात जिन ओतली, आगळ घातलं, चिमूटभर मीठ घातलं. मीठ जरा जास्त पडलं.

"चालेल," कुमुद म्हणाली.

आता ती पूर्ण बर्फाची होती. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती, तिचे गज जरासे वाकलेले. घोंगडी गळून पडली. मी आणि शालनताईंनी तिला धरून काउंटरवर चढवली. ताईंनी पहिल्यांदाच पिशवी खाली ठेवली. कुमुद खळग्याच्या कडेला उभी राहिली, पायाची बोटं कडेबाहेर काढून. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. शनिवारचं, गालाला लावलेल्या ग्लासाचं. पण इतक्या बायका होत्या, आणि ती खाली पाण्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काम सुरू करण्यापूर्वीचा तो भाव होता. तो चेहरा समोर असताना मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

तरी मी म्हणालो, "कुमुद."

"अंगठा नीट धर," ती म्हणाली. "तिथून गळतो."

तिनं हात वर जोडले, गुडघे किंचित वाकवले आणि पेल्यात सूर मारला. शिंतोडा उडाला नाही.

खोलीतल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला.

मी लहान पेला वर बसवला, थाप मारली, उचलला. जड होता. मी हलवायला सुरुवात केली. आधी आवाज मोठा होता, ढेकळं आपटावीत तसा. मग तो बारीक झाला, मग खड्यांसारखा, मग पाऊल वाळूत पडावं तसा. स्टीलवर दव आलं, दवाचं हिव झालं. माझ्या हाताची कातडी धातूला चिकटू लागली. अंगठ्याशी थोडं गळलं आणि मनगटावरून कोपराकडे गेलं. मी ते पुसलं नाही.

हलवत असेपर्यंत ती आत होती. हे मला हलवायला लागल्यावर कळलं. तिचं वजन वर जाताना एका तळव्यात यायचं आणि खाली येताना दुसऱ्या. इतक्या वर्षांत मी तिला असं उचललं नव्हतं. माझे दंड भरून आले, पण हात चालत होते. बायका उभ्या होत्या. कुणी घाई केली नाही. कुणीतरी वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"अच्युतराव," शालनताई म्हणाल्या, "पुरे आता."

"अजून थोडं."

"मीही असंच म्हणत होते."

मी हलवत राहिलो. आवाज आता जवळजवळ येत नव्हता. स्टील इतकं आवळलं होतं की दोन पेल्यांतली रेघ दिसेनाशी होत होती. मी ती बोटानं चाचपली. अजून होती, केसाएवढी. शालनताईंनी डोळे मिटून घेतले होते आणि पायांनी पिशवी चाचपत होत्या.

मी थांबलो. शेकर डाव्या हातात धरला. उजव्या तळव्याची मनगटाकडची कड त्या रेघेवर मारली. काही झालं नाही. खोलीत कुणी हललं नाही. मी पुन्हा मारली. मनगटातून कळ गेली. मग मी तिचं नाव घेतलं, मोठ्यानं, जसं मी घरात कधी घेत नसे, आणि मारली.

टक्.

पेले सुटले. आतून तलावावरचा सकाळचा वास आला. बर्फ नव्हता. फिकट जांभळं, स्वच्छ पाणी काठोकाठ होतं.

तबस्सुम पुढे आली. मी तिचा ग्लास भरला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, मान झुकवली आणि दाराकडे गेली. मग रेवती. मग चष्मा लावलेली एक उंच बाई. मग पोटुशी असलेली एक मुलगी, तिनं फुलपात्र पुढे धरलं. मी ओतत होतो. धार बारीक होती, पण तुटत नव्हती. खोली हळूहळू रिकामी होत होती आणि जिन्यातून नव्या बायका आत येत होत्या. शालनताई त्यांना रांगेनं सोडत होत्या. मध्येच त्यांनी स्वतःची वाटी पुढे केली, भरून घेतली आणि पिशवी न घेताच जिना उतरून गेल्या. मी हाक मारली नाही. माझं लक्ष धारेवर होतं.

काउंटरवरून खिडकी दिसत होती आणि खिडकीतून रस्ता. खाली उतरलेल्या बायका वेगवेगळ्या दिशांना चालल्या होत्या. कुणी पुलाकडे, कुणी बाजाराकडे, कुणी बस स्टँडकडे. वाऱ्यात निरांजन न्यावं तसे त्यांनी ग्लास धरले होते, एक हात आडवा लावून. कुणीही प्यायली नव्हती. गाड्या त्यांच्यासाठी थांबत होत्या. चौकातला सिग्नल बदलला तरी कुणी हॉर्न वाजवला नाही. दूरवर, जिथं रस्ता वळतो, तिथं उन्हात लहान लहान चमकणारे ठिपके दिसत होते, आणि ते अजून पुढे जात होते.

पेला हलका झाला नव्हता. माझा हात आखडला होता, म्हणून मी तो दुसऱ्या हातानं खालून उचलून धरला आणि ओतत राहिलो.

खोलीत आता कुणी उरलं नव्हतं, आणि पावलांचा आवाजही थांबला होता. तरी आणखी एक ग्लास पुढे आला. धरणारा हात ओला होता. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी त्या बोटांची टोकं सुरकुतलेली होती, पांढरी पडलेली. डाव्या करंगळीच्या टोकाशी एक थेंब जमला होता.

मी वर पाहिलं नाही. ग्लास भरत होता.